बेरीज जुळली आणि एक हेक्टर गेलं: सातबाऱ्यावरच्या एका चुकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

महसूल खात्यात मी ३१ वर्षं काढली. कारकून म्हणून लागलो, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. आता आठवड्यातून दोन दिवस तालुक्याच्या गावी एका वाचनालयाच्या ओसरीवर बसतो आणि लोकांना अर्ज लिहून देतो. हे प्रकरण तिथंच माझ्याकडे आलं. माणसांची नावं बदलली आहेत आणि तालुकाही सांगत नाही, कारण त्या कार्यालयातली माणसं वाईट नव्हती. हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच. कुणीही पैसे मागितले नाहीत, कुणीही मुद्दाम अडवलं नाही, तरी एका बाईचं एक हेक्टर रान कागदावरून गेलं आणि ते परत यायला दोन वर्षं लागली.

ताराबाईंच्या सासऱ्यांची आठ एकर कोरडवाहू जमीन होती, म्हणजे ३ हेक्टर २४ आर. एकच गट. १९९४ मध्ये दोन्ही मुलांनी संमतीने वाटणी केली आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांचा आदेश झाला. थोरल्याला १ हेक्टर ६२ आर, धाकट्याला १ हेक्टर ६२ आर. फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, पडला, मंजूर झाला. पोटहिस्से मोजून वेगळे सातबारे केले नाहीत; मोजणीचा खर्च कोण करणार, म्हणून राहिलं. एकाच सातबाऱ्यावर दोन भावांची नावं आणि प्रत्येकाच्या नावासमोर त्याचं क्षेत्र, असं चालत आलं. शेतात मधोमध बांध होता, बांधावर दोन बोरी होत्या, त्यामुळे कुणाला कागद बघायची गरज पडली नाही.

धाकटे म्हणजे ताराबाईंचे मालक. ते २०११ मध्ये गेले. वारसनोंद वेळेत झाली, ताराबाई आणि त्यांच्या मुलाचं नाव लागलं. सोसायटीचं पीककर्ज दरवर्षी मार्चअखेर नवं-जुनं होत होतं आणि त्याला जुनेच कागद चालत होते.

२०२१ च्या उन्हाळ्यात मुलाने ठिबकच्या अनुदानासाठी महाडीबीटी या सरकारी योजनांच्या पोर्टलवर अर्ज भरायला घेतला. त्यासाठी ताजा डिजिटल सहीचा सातबारा काढला. त्यावर दिरांच्या नावासमोर २.६२ आणि ताराबाईंच्या नावासमोर ०.६२ असं क्षेत्र होतं. चार एकरांचं दीड एकर झालं होतं.

अडचण नेमकी कुठे होती

आधी चूक कशी झाली ते सांगतो, कारण ते कळल्यावरच पुढचं सगळं उलगडतं. आम्हाला मात्र हे दीड वर्षानंतर कळलं.

हस्तलिखित सातबाऱ्यावर त्या वेळच्या तलाठ्याने दिरांचा आकडा १.६२ असा लिहिला होता. त्याचा १ लिहायचा ढंग असा, की खालची शेपटी वळून उजवीकडे जायची. नीट पाहिलं तर तो १ आहे. घाईत पाहिलं तर २ वाटतो. संगणकावर नोंदी चढवताना तो २.६२ झाला. ताराबाईंच्या मालकांचा आकडा बरोबर चढला असणार, १.६२. मग दोघांची बेरीज झाली ४.२४ आणि गटाचं एकूण क्षेत्र ३.२४. आज्ञावली असा फरक दाखवते आणि तो काढल्याशिवाय गावाचं काम पूर्ण झालं असं मानत नाही. संगणकीय सातबारे बिनचूक करण्याची ती मोहीम होती, रोज किती गट झाले याचा आढावा वरून घेतला जात होता. कुणीतरी फरक काढला. दुसऱ्या नावातून एक वजा केला. बेरीज जुळली, लाल खूण गेली.

मूळ चूक डोळ्यांची होती, ती कुणाकडूनही होते. दुसरी चूक दप्तराच्या सवयीची. तपासणी बेरजेची होती, त्यामुळे बेरीज जुळवली गेली. हस्तलिखित पान पुन्हा उघडून पाहायला दोन मिनिटं लागली असती, पण त्या दोन मिनिटांचा रकाना कोणत्याच आढाव्यात नव्हता. २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन झालं, सातबारे वाचून दाखवले गेले, हरकती मागवल्या. ताराबाई त्या दिवशी भांगलणीला दुसऱ्याच्या रानात होत्या. दीर हजर होते का, ते त्यांनाही आठवत नाही.

आणि कलम १५७ सांगतं, की अधिकार अभिलेखातली नोंद, तिच्याविरुद्ध शाबित होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीर नवी नोंद होईपर्यंत, खरी मानायची. हे कलम चांगलं आहे. त्याच्याशिवाय कुणाचीही जमीन कुणीही नाकारेल. पण चूक एकदा नोंदीत शिरली की तिलाही तेच संरक्षण मिळतं. ताराबाई मला पहिल्या दिवशी म्हणाल्या, "अण्णा, रान मी पेरते, सारा मी भरते, मग माझं रान माझं हाय हे मीच का शाबित करायचं?" मी त्यांना कलम समजावून सांगितलं. ते सांगून त्यांच्या प्रश्नाचं उत्तर झालं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

पहिले चौदा महिने

ताराबाई माझ्याकडे आल्या सप्टेंबर २०२२ मध्ये. त्याआधी त्यांनी जे केलं ते कुणीही केलं असतं.

जून २०२१ मध्ये त्या तलाठ्याकडे गेल्या. (आता या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात अजून तलाठीच म्हणतात.) त्यांनी सांगितलं, हे माझ्या हातात नाही, तहसीलला अर्ज द्या. तहसील कचेरीबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून अर्ज लिहून घेतला. त्यातलं वाक्य असं होतं: "माझे क्षेत्र कमी झाले असून ते वाढवून मिळावे, ही नम्र विनंती."

या एका वाक्याने संचिकेची, म्हणजे फाइलची, दिशा ठरली. आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या टपालाच्या नोंदवहीत, कारकुनाने विषय लिहिला, "क्षेत्र वाढवून मिळणेबाबत". क्षेत्र वाढवणं म्हणजे मोजणीचा विषय, म्हणून कागद गेला उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे. त्यांनी आपलं काम चोख केलं. आकारबंद, म्हणजे गटाचं क्षेत्र आणि आकार सांगणारा त्यांच्याकडचा कागद, काढला, गटाचं क्षेत्र ३.२४ आहे, सातबाऱ्यावर एकूण ३.२४ आहे, तफावत नाही, "सबब आपले स्तरावरून उचित कार्यवाही व्हावी" असं कळवलं. उत्तर शंभर टक्के खरं होतं. विचारलेला प्रश्न चुकीचा होता.

कागद परत आला चार महिन्यांनी. मग मंडळ अधिकाऱ्यांचा अहवाल मागवला. मंडळ अधिकाऱ्यांनी तलाठ्याचा मागवला. तलाठ्यांची बदली झालेली, नवीन आले त्यांच्याकडे तीन सजांचा, म्हणजे तलाठ्याच्या तीन हद्दींचा, कारभार. त्यांनी लिहिलं, "संगणकीय ७/१२ प्रमाणे अर्जदार यांचे नावे ०.६२ हे.आर क्षेत्र दिसून येते." म्हणजे ज्या कागदाबद्दल तक्रार होती, त्याच कागदाची साक्ष काढली. अहवाल वर गेला, "अहवाल मोघम आहे, फेरसादर करावा" असा शेरा घेऊन खाली आला, पुन्हा वर गेला.

हे बाहेरून पाहणाऱ्याला टोलवाटोलवी वाटतं. मी आतून पाहिलेलं असल्यामुळे वेगळं सांगतो. सरकारी कामातल्या विलंबाला आळा घालणारा कायदा आपल्याकडे २००५ चा आहे, लोक त्याला दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतात. त्याच्या कलम १० प्रमाणे कोणतीही संचिका एका टेबलावर साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये, आणि दुसऱ्या विभागाला विचारायची गरज नसेल तर ४५ दिवसांत निर्णय व्हायला हवा. दुसऱ्या विभागाकडे जावं लागलं तर तीन महिने. या संचिकेचा प्रवास मी नंतर तारखांसह मांडला, तेव्हा दिसलं की बहुतेक टेबलांवर ती सात दिवसांच्या आतच पुढे गेली होती. सात दिवसांचा नियम जवळजवळ प्रत्येकाने पाळला. ४५ दिवसांचा नियम कुणा एकाचा नव्हताच.

यात भर पडते ती गठ्ठ्यांची. अनिलकुमार लखिना यांनी १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना कचेरीची जी घडी बसवली, त्यातली सहा गठ्ठा पद्धत आम्ही सगळे शिकलो. बैठकीवरची प्रकरणं, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. अतिशय शहाणी पद्धत आहे. त्याआधी टेबलाखाली काय काय सापडायचं ते मी नोकरीला लागलो तेव्हा जुन्या लोकांकडून ऐकलं आहे. पण प्रतीक्षाधीन गठ्ठ्याला एक खोड लागू शकते. कुणाचा तरी अहवाल यायचा आहे म्हणून कागद तिथं ठेवला, की कारकुनाच्या मनावरचं ओझं उतरतं. ताराबाईंचा कागद चौदा महिन्यांपैकी जवळजवळ अकरा महिने कुणा ना कुणाच्या प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात होता. मी स्वतः असे शेकडो कागद तिथं ठेवले असतील.

कोणकोणत्या वाटा होत्या

सप्टेंबरात ताराबाई आणि त्यांचा मुलगा वाचनालयात आले, तेव्हा मुलगा पुरता वैतागला होता. कचेरीच्या आवारातल्या एकाने काम करून देतो म्हणून आकडा सांगितला होता, एका हंगामाच्या तुरीएवढा. मुलगा द्यायला तयार होता. ताराबाई नव्हत्या. मी त्याला एवढंच म्हणालो, की पैसे दिलेस आणि दुरुस्ती झाली तरी त्या आदेशाला पाया काय असेल? उद्या कुणी अपील केलं तर तुझ्या हातात काय राहील? ही वाट तिथंच सोडली.

अपिलाचा विचार केला. कलम २४७ प्रमाणे प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अपील करता येतं, मुदत ६० दिवसांची, उशीर माफीचा अर्जही जोडता येतो. पण अपील कशाविरुद्ध? ताराबाईंचं क्षेत्र कमी करणारा आदेशच कुणी दिलेला नव्हता, फेरफारही नव्हता. आदेशच नाही, तर अपिलात रद्द काय करून मागणार?

दिवाणी दाव्याचा सल्ला गावातल्या एका शिकलेल्या माणसाने दिला होता. मालकी हक्काचा वाद असता तर तीच वाट होती. इथे वाद नव्हता, निदान तोपर्यंत नव्हता. दावा लावणं म्हणजे दिराला प्रतिवादी करणं आणि घरात कायमची भिंत घालणं.

लोकशाही दिनात अर्ज द्यावा, असं मुलाचं म्हणणं. जिल्हाधिकारी पहिल्या सोमवारी ऐकतात, तिथं कचेरीला दम मिळतो. मिळतो हे खरं, पण तिथून कागद पुन्हा "अहवाल सादर करावा" म्हणून त्याच तहसीलला येणार होता. जिथे अहवालाअभावी घोडं अडलंय तिथे आणखी एका अहवालाची भर.

राहिलं कलम १५५. त्यात अभिलेखातली चूक दुरुस्त करण्याचे तीन दरवाजे आहेत, आणि लोक ते एकच समजतात. पहिला, लेखनप्रमाद, म्हणजे लिहिताना झालेली उघड चूक. दुसरा, हितसंबंधित पक्षकारांनी स्वतः कबूल केलेली चूक. तिसरा, महसूल अधिकाऱ्याला तपासणीत दिसलेली चूक. या तिसऱ्यात नोटीस देऊन हरकती निकाली काढल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही. कलमात मुदत नाही, "कोणत्याही वेळी" असे शब्द आहेत. अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा, व्यवहारात तो तहसीलदार वापरतात.

या कलमाखाली भलतेच आदेश झाल्याच्या तक्रारीही राज्यभर झाल्या आहेत. लेखनप्रमादाच्या नावाखाली हक्कच फिरवले गेल्याचे प्रकार आहेत, आणि त्यातून चौकश्या लागल्या. म्हणून तहसीलदार १५५ ची संचिका दिसली की जपून असतात. त्यातून या प्रकरणात एकाचं क्षेत्र वाढणार होतं म्हणजे दुसऱ्याचं कमी होणार होतं. नव्या तलाठ्याशी मी नंतर बोललो. तो मुलगाच म्हणायचा, तीस-बत्तीसचा. म्हणाला, "काका, मी 'दुरुस्ती व्हावी' असं लिहिलं असतं आणि उद्या त्यांचा दीर वरती गेला असता, तर खुलासा मला द्यावा लागला असता. 'दिसून येते' लिहिलं की मला कुणी काही विचारत नाही." त्याला दोष देणं मला जमलं नाही. चुकीचा निर्णय दिला तर चौकशी होते. निर्णय न दिल्याबद्दल तरतूद कायद्यात आहे, पण त्या कलमाखाली कुणाला शिक्षा झाल्याचं मी ३१ वर्षांत माझ्या डोळ्यांनी पाहिलं नाही.

काय केलं

पहिलं पाऊल म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकला. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. मागितलं ते एवढंच: या संचिकेतल्या टिप्पणी भागाच्या आणि पत्रव्यवहाराच्या प्रती. का, कधी, कोण जबाबदार असे प्रश्न विचारले नाहीत. प्रश्नांना उत्तर टाळता येतं, कागद देणं टाळता येत नाही.

मुदतीच्या आत प्रती मिळाल्या. त्यातलं एक पान मी जपून ठेवलं आहे. टिप्पणीत संकलनाच्या, म्हणजे त्या टेबलाच्या, कारकुनाने रीतसर लिहिलं होतं, मंडळ अधिकारी यांचा अहवाल मागविणे उचित होईल, आदेशार्थ सादर. खाली साहेबांची सही, "मागवावा". आणि डाव्या समासात, झेरॉक्समध्ये जेमतेम उमटलेलं, पेन्सिलीनं लिहिलेलं: "हस्तलि. ७/१२ पाहिल्यास खुलासा होईल." अक्षर कुणाचं ते कचेरीतही ओळखता आलं नाही. कुणाला तरी पहिल्याच महिन्यात उत्तर कळलं होतं, पण ते पेन्सिलीनं आणि समासात लिहिलं गेलं, कारण टिप्पणीत शाईने लिहिलं असतं तर रेकॉर्डमध्ये जाऊन पान शोधायचं काम त्याच्याच अंगावर आलं असतं. अभिलेख कक्ष आवारातच, पन्नास पावलांवर होता.

दुसरं पाऊल, ती पन्नास पावलं आम्ही चाललो. नक्कल अर्ज दिला. अभिलेखपालाने लाल रुमाल सोडला, गावाचा गठ्ठा काढला. त्या कागदांचा वास मला आवडतो, जुनी शाई आणि वाळवीच्या पावडरीचा. १९९४ चा फेरफार सापडला, तहसीलदारांच्या वाटप आदेशाच्या क्रमांकासह. हस्तलिखित सातबाऱ्याचं पान सापडलं आणि त्यावरचा तो शेपटीवाला १. त्याच पानावर वर्षाच्या रकान्यातही त्याच हाताचे १ होते, १९९४ मधला, १९९६ मधला. सगळ्यांना तीच शेपटी. ताराबाईंना वाचता येत नाही, पण त्यांनी बोट ठेवून दोन १ शेजारी शेजारी पाहिले आणि म्हणाल्या, "सारखंच तर हाय." दोन्ही पानांच्या प्रमाणित प्रती घेतल्या.

इथवर बरोबर चाललं होतं. पुढे माझा निर्णय चुकला.

मला वाटलं, दुसरा दरवाजा सगळ्यात सोपा. दिरांनी कबुलीजबाब दिला की प्रश्न मिटला, अधिकाऱ्यालाही धोका नाही. ताराबाईंना आणि मुलाला दिरांकडे पाठवलं. दीर लगेच हो म्हणाले. स्टॅम्पपेपरवर लिहून देतो म्हणाले. चार दिवसांनी त्यांच्या थोरल्या मुलाने अडवलं. सही कशाला करायची? एकदा लिहून दिलं की आपलंही काही जाईल. शिवाय त्यांच्या सोसायटीच्या कर्जाला २.६२ लागलेलं होतं, ते कमी झालं तर बँक काय म्हणेल? हा प्रश्न रास्त होता. पण त्यातून दोन घरांचं बोलणं बंद झालं. त्या दिवाळीला ताराबाईंच्या घरचं फराळाचं ताट वरच्या आळीला गेलं नाही, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

दोन महिने गेल्यावर मी नव्याने अर्ज लिहिला, पहिल्या दरवाजाचा. जानेवारी २०२३. एकच पान. विषय: "कलम १५५ अन्वये लेखनप्रमाद दुरुस्तीबाबत". "वाढवून मिळावे" हे शब्द कुठेही नाहीत. विनंती अशी, की संगणकीय अभिलेखातील क्षेत्र हस्तलिखित अभिलेख आणि मंजूर फेरफार यांच्याशी सुसंगत करण्यात यावे. खाली तीन ओळींचा तक्ता: फेरफारात काय, हस्तलिखितात काय, संगणकात काय. मधल्या काळात क्षेत्र बदलणारा एकही फेरफार झालेला नाही, हे एका वाक्यात. सोबत चार प्रमाणित प्रती. ज्याच्या टेबलावर हे जाणार होतं त्याला कुठलाही अहवाल मागवावा लागू नये, अशी बांधणी केली.

विलंबाच्या कायद्यातल्या शिस्तभंगाच्या तरतुदीचा उल्लेख करावा असा मुलाचा आग्रह होता. मी तो टाळला. धमकीच्या कागदाला कचेरी आधी स्वतःचा बचाव म्हणून उत्तर लिहिते, मग काम बघते. फक्त शेवटी नोंदवलं, की यात अन्य विभागाचा अभिप्राय आवश्यक नाही. ४५ दिवस की तीन महिने, ते त्यावरून ठरतं.

मार्चमध्ये नायब तहसीलदारांनी दोन्ही घरांना नोटीस काढली. त्यांना लेखनप्रमादासाठी ती काढणं सक्तीचं होतं का, यावर वाद घालता येईल. माझ्या मते त्यांनी केलं ते योग्यच केलं. ज्याच्या नावचं क्षेत्र कमी होणार त्याला न ऐकता कमी करू नये.

सुनावणीला दीर एकटेच आले. मुलाला घेऊन येतील असं वाटलं होतं. नायब तहसीलदारांनी हस्तलिखित पान त्यांच्यापुढे ठेवलं, दोन्ही आकडे दाखवले आणि विचारलं, "काका, तुमची काही हरकत आहे?" ते बराच वेळ पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बांध हाय तिथंच हाय, साहेब. बोरी आमच्या बापानं लावल्यात. कागद चुकला आसंल." जबाब लिहून झाला, त्यांनी सही केली, आणि बाहेर पडताना ताराबाईंना म्हणाले, "एवढ्यासाठी दोन वर्सं हेलपाटं घातलं व्हय?" ताराबाई काही बोलल्या नाहीत. पदर डोळ्याला लावला.

काय झालं

मे २०२३ मध्ये आदेश झाला. आदेशावरून फेरफार नोंदवायचा, संगणकात मान्यता घ्यायची, मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित करायचा, यात आणखी महिना गेला. जूनमध्ये सातबाऱ्यावर १.६२ आणि १.६२ आलं. पहिल्या अर्जापासून दोन वर्षं; नेमका अर्ज केल्यापासून पाच महिने.

ठिबकचा अर्ज मात्र बाद झाला होता, तो पुन्हा भरला. दिरांच्या सोसायटीने पुढच्या नव्या-जुन्याच्या वेळी क्षेत्राप्रमाणे मर्यादा बदलली, वसुलीचा तगादा वगैरे काही झालं नाही. ज्या भीतीपोटी पुतण्याने बापाला अडवलं, ती सोसायटीच्या सचिवाला आधीच एकदा विचारलं असतं तर गेली असती.

निर्णयाच्या जागा, आणि काय वेगळं करता आलं असतं

माझ्या चुकीपासून सुरू करतो. लेखनप्रमादाला समोरच्याची कबुली लागत नाही. पुरावा हातात असताना मी कबुलीच्या मागे लागलो आणि नुसत्या आकड्याच्या चुकीला दोन घरांतला वाद करून टाकलं. दिरांना कचेरीच्या नोटिशीने विचारलं तेव्हा त्यांनी खरं सांगितलं. घरात, मुलासमोर, स्टॅम्पपेपरवर विचारलं तेव्हा त्यांना सांगता आलं नाही. नोटीस ही परकी, कोरडी गोष्ट असते, पण तिच्यामुळे माणसाला नात्याच्या ओझ्याशिवाय बोलता येतं. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी नोकरशाहीची लक्षणं सांगताना लेखी दस्तऐवज, ठरलेलं अधिकारक्षेत्र आणि व्यक्तिनिरपेक्ष नियम यांवर भर दिला होता. व्यक्तिनिरपेक्षता म्हणजे निर्दयपणा असं मी तरुणपणी समजत होतो. त्या सुनावणीत मला तिची दुसरी बाजू दिसली.

कचेरीच्या बाजूने पहिली निर्णयाची जागा होती आवक बारनिशी. अर्जदार विषय चुकीचा लिहिणारच, त्याला कलमं माहीत नसतात. ताराबाईंच्या अर्जाला वाटणीची झेरॉक्स जोडलेली होती. ती उलटून पाहिली असती तर कागद भूमी अभिलेखकडे गेला नसता. आमच्या वेळी एक जुने चिटणीस टपाल फोडताना अर्जदाराला समोर बसवून विचारायचे, "तुम्हाला नेमकं काय झालेलं हवंय?" आणि उत्तर अर्जाच्या कोपऱ्यात लिहायचे. त्यांचं टपाल सगळ्यात हळू फुटायचं. त्यांच्या संकलनात फेऱ्या सगळ्यात कमी व्हायच्या.

दुसरी जागा पेन्सिलीच्या शेऱ्याची. हा शेरा शाईने लिहिला जावा यासाठी काय लागेल, याचा विचार मी खूप केला. प्रतीक्षाधीन गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदावर "कुणाची प्रतीक्षा आणि तो नेमकं काय सांगणार आहे" एवढी एक ओळ लिहिणं सक्तीचं केलं, तर निम्म्या प्रतीक्षा तिथंच मोडतील. इथे मंडळ अधिकारी काय सांगणार होते? तेही हस्तलिखित पानच बघणार होते, आणि ते पान त्यांच्याकडे नव्हतं, कचेरीत होतं.

तिसरी, सगळ्यात आधीची जागा मोहिमेची. नुसत्या बेरजेची तपासणी पुरेशी नव्हती. फरक ज्या गटात निघाला, त्या गटाचं हस्तलिखित पान पुन्हा पाहून त्याची नोंद ठेवायला हवी होती. जिथे बेरीज एकदा चुकून मग जुळवली गेली, तिथेच ताराबाईंसारखी प्रकरणं लपलेली असणार.

हे मी आदेशानंतर नायब तहसीलदारांना बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि २०२४ च्या सुरुवातीला, त्याच जुन्या तलाठ्याच्या हातचे त्याच गावचे सामाईक सातबारे तपासायला घेतले. स्वतःहून, कुणाचा अर्ज नसताना. तो तिसरा दरवाजा, जो माझ्या नोकरीत मी क्वचितच उघडलेला पाहिला. काम त्या तरुण तलाठ्याकडेच दिलं. त्याने एका आठवड्यात संध्याकाळी उशिरापर्यंत बसून गठ्ठा संपवला आणि तसेच आणखी दोन गट काढले. शेपटीवाला १ दोन्हीकडे होता.

एकाची दुरुस्ती झाली. तो म्हातारा खातेदार नोटीस हातात घेऊन माझ्याकडे ओसरीवर आला होता, घाबरलेला, आपली जमीन सरकार घेतंय असं समजून. त्याला चूक झाल्याचंच माहीत नव्हतं. दुसऱ्या गटातला खातेदार भिवंडीला यंत्रमागावर कामाला आहे. कोतवाल दोनदा त्याच्या घरी जाऊन आला, घराला कुलूप. तलाठ्याने गावातून त्याच्या मेव्हण्याचा नंबर मिळवला आहे, आणि तो आषाढीला येणार आहे म्हणून नोटीस तोवर सजेच्या दप्तरात वरच ठेवली आहे, गठ्ठ्यात बांधलेली नाही.